देवाच्या तसबिरीवरचे पांढरे ठिपके

ही हकिगत मी कितीतरी वर्षं टाळली. विषय निघायची शक्यता दिसली की मी गुडघेदुखीवर बोलायला लागायचो, नाहीतर नारायण पेठेत गाडी लावायला जागा कशी मिळत नाही यावर. या दोन विषयांवर पुण्यातला माणूस कितीही वेळ बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याला संशय येत नाही. बायकोला संशय आहे असं मला वाटतं, पण तिनं कधी थेट विचारलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो आता नाही. म्हणून निदान कागदावर तरी जे घडलं ते जसंच्या तसं उतरवतो.

माझी सगळी नोकरी डिझेल इंजिनांच्या चाचणी विभागात गेली. धुराच्या वासावरून इंजिनाचं काय बिघडलंय ते सांगतो, अशी माझी ख्याती होती. त्यातली निम्मी थाप होती, पण निम्मी खरी. निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षं घरात बसून बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मग माझ्या भाच्यानं बोलावलं. त्याच्या कंपनी बस होत्या, हिंजवडीतल्या ऑफिसांना माणसं नेणाऱ्या. प्रदूषणाचे नवे नियम आले तेव्हा त्यानं नव्या बस घेतल्या आणि त्यांच्याबरोबर एक नवीन भानगड यार्डात आली: डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी आणि तिच्यात ओतायचं एक पाण्यासारखं दिसणारं द्रावण.

ते द्रावण म्हणजे अतिशुद्ध पाण्यात विरघळवलेला युरिया. तापलेल्या धुरात त्याचा फवारा मारला की त्याचा अमोनिया होतो, आणि धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड, ज्यांनी छाती भरते आणि डोळे चुरचुरतात, ते मोडून त्यांचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. आमच्या काळात प्रयोगशाळेत आम्ही याची स्वप्नं बघायचो. आता ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये मिळत होतं आणि ते कसं वापरायचं हे ड्रायव्हरांना शिकवायला भाच्याला कुणीतरी हवं होतं.

"मामा, हे लोक त्यात नळाचं पाणी घालतील," भाचा म्हणाला. "तुम्ही या. तुमचं ऐकतील."

पहिल्या दिवशी यार्डात मी सगळ्यांना उभं करून समजावून सांगितलं. मुळशीकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, "मामा, हे तर पाणीच हाय की. उगंच पैकं घेत्यात." सगळे हसले. मग मागून एक उंच, सावळा माणूस म्हणाला, "आमच्याकडं तं युरिया कपाशीले टाकते. इथं गाडीले पाजून राहिले. मंग काय बोंडं येतीन का सायलेन्सरले?"

मलाही हसू आलं. तो यवतमाळकडचा. यार्डात त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणू लागलो. थट्टा करायचा, पण ऐकायचा तो एकटाच. मी सांगितलं की नरसाळं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही, तर त्यानं आपलं नरसाळं स्वच्छ पिशवीत घालून सीटमागं टांगलं. मी सांगितलं की हा द्रव तांब्या-पितळेला खातो, वाळला की त्याचे पांढरे सुयांसारखे खडे होतात, तर त्यानं बोटावर थेंब घेऊन उन्हात धरला आणि खडे झाले तेव्हा लहान मुलासारखा सगळ्यांना दाखवत फिरला. माझा सगळ्यात कडक नियम म्हणजे रिकाम्या झालेल्या कॅनमध्ये दुसरं काहीही भरायचं नाही. कॅन सारख्याच दिसतात, आतला द्रवही पाण्यासारखा, मग कोण कशाला काय समजेल सांगता येत नाही. या नियमावरून मी एकदा एकाला सगळ्यांसमोर झापलं होतं, कारण त्यानं तसल्या कॅनमध्ये प्यायचं पाणी भरून आणलं होतं. कॅन ठेवायच्या कोठाराची एक किल्ली माझ्याकडे असायची. दुसरी मी भाऊला दिली होती. भाच्यानं भुवया उंचावल्या होत्या. मी म्हणालो, "माझी जबाबदारी."

भरण्याआधी कॅन उघडून मी हुंगायचो. चांगल्या द्रावणाला अगदी पुसटसा अमोनियाचा वास असतो, सगळ्यांना येत नाही. मला यायचा. ड्रायव्हर एकमेकांना कोपरखळ्या मारत बघायचे. "मामांनी पास केलं," असं म्हणायचे.

करोनाच्या साथीत मी आजारी पडलो. जीव वाचला, पण वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो आला नाही. घरात हे बायकोच्या लगेच लक्षात आलं. एकदा आमटी करपली आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. ती म्हणाली, "चला, आता माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची सोय गेली तुमची." मी यार्डात मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाचा आदरानंच म्हणाला असता, मामा, आता आराम करा. मला आराम नको होता. सकाळी बाहेर पडायला मिळावं, कुणीतरी 'मामा आले' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी पूर्वीसारखाच कॅन उघडून नाक खाली न्यायचो, क्षणभर थांबायचो आणि मान हलवायचो. वाईट काही निघालं नाही, कारण माल नेहमी सीलबंद येत असे. हळूहळू मला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण तपासतोय.

दसऱ्याला सुट्टी असल्यामुळे सगळ्या बस यार्डात होत्या. सकाळपासून धुणं, पुसणं, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. यार्डातलं पाणी बोअरवेलचं, क्षाराचं. काचेवर पडलं की डाग राहतो. मला ते पूजेला नको होतं. ऑफिसात फिल्टर होता, पण पाणी आणायला मोठं भांडं सापडेना. मी इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातली युरियाची एक रिकामी कॅन उचलली. यार्डात तिच्याइतकं स्वच्छ भांडं दुसरं नव्हतं, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. दोनदा विसळली, फिल्टरचं पाणी भरलं आणि भरलेल्या कॅन उघडून ठेवल्या होत्या तिथं, त्यांच्या शेजारी आणून ठेवली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. पण माझा नियम मला लागू आहे असं मला त्या सकाळी वाटलंच नाही.

मग कुणीतरी हळदीकुंकू मागितलं, कुणीतरी नारळ फोडायला बोलावलं. मी परत आलो, एक कॅन उचलली, पूजेचा पितळी तांब्या भरला. आंब्याच्या पानानं ऑफिसातल्या देवाच्या तसबिरीवर पाणी शिंपडलं, मग एकेका बसवर. तांब्या तसबिरीपुढे ठेवला. आरती झाली. सगळे जेवायला बसले.

भाऊची बायको गावाहून नुकतीच आली होती, वाकडला खोली घेतली होती त्यानं. तिनं सणाचं जेवण केलं होतं, म्हणून तो घरी पळाला. त्याची बस सजून उभी होती. मला वाटलं, आजच्या दिवशी याचं काम आपण करावं. त्याचं पिशवीतलं नरसाळं काढलं, शेजारची कॅन उचलली, सवयीनं नाक खाली नेलं, मान हलवली आणि टाकीत ओतली. तो परत आला तेव्हा मी झाकण लावत होतो.

"मामा, तुमी काहून केलं? मी होतो ना."

"सोनं म्हणून घे," मी म्हणालो, आणि त्याच्या हातावर आपट्याचं पानही ठेवलं. तो वाकून पाया पडला.

सुट्टीनंतर बस धावायला लागल्यावर भाऊच्या गाडीत दिवा पेटला. द्रावण खराब असल्याचा तो इशारा. तो गाडी आणून दाखवणारच होता, पण फेऱ्या चालू होत्या. भूमकर चौकाच्या पुढे चढावर गाडीची ताकद गेली. या गाड्यांमध्ये तशी सोयच केलेली असते, द्रावण बरोबर नसेल तर इंजिन मुद्दाम रांगायला लागतं, म्हणजे कुणी फसवून धूर सोडू नये. भर सकाळी मागे वाहनांची रांग, आत लॅपटॉप घेतलेली मुलंमुली, कुणी व्हिडिओ काढतंय, कुणी कंपनीला तक्रार करतंय. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं टाकीतला नमुना काढून तपासला आणि भाच्याला फोन केला: निव्वळ पाणी आहे म्हटलं तरी चालेल.

आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच घेतात. ड्रायव्हरनं युरिया विकला आणि टाकीत पाणी भरलं.

भाच्यानं त्याला ऑफिसात बोलावलं. मी खुर्चीवर बसलो होतो.

"किती दिवस चाललंय हे?" भाचा म्हणाला.

"साहेब, मी हात बी नाही लावला. दसऱ्याले टाकी मामांनं भरली. तुमी इचारा त्यायले."

भाचा माझ्याकडे वळला. "मामा, तुम्ही भरली होतीत?"

"हो."

"कॅन बघून घेतली होतीत ना? वास वगैरे?"

तेव्हा मला अजून काहीच माहीत नव्हतं. चूक माझी असेल हे डोक्यातही आलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की 'नाही' म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, का नाही, आणि मग नाकाचं सगळं बाहेर पडेल. मी म्हणालो, "हो, बघितली होती."

"झालं तर मग," भाचा भाऊला म्हणाला. "मामांनी भरलं म्हणजे बरोबरच भरलं. नंतर कुणी काढलं? किल्ली कुणाकडे असते?"

भाऊ गोंधळला. पण तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, "हाव, मामांचं चुकन कसं? ते तं मी बी मानतो." आणि मग माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी पुढे बोलेन म्हणून. मी खिडकीबाहेर बघितलं. एक बस धुतली जात होती.

त्याच्याकडून किल्ली काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

ते दोघं बाहेर गेल्यावर मी उठलो आणि समोरच्या तसबिरीवर माझी नजर गेली. काचेवर पांढरे ठिपके होते. आधी वाटलं, बोअरच्या पाण्याचे डाग. मग आठवलं की आपण फिल्टरचं पाणी शिंपडलं होतं, त्याचा डाग पडत नाही. जवळ जाऊन चष्मा वर केला. प्रत्येक ठिपक्यात बारीक सुया होत्या, मधून बाहेर पसरलेल्या. खाली ठेवलेल्या तांब्याच्या आत निळसर हिरवा थर धरला होता.

देवावर मी युरिया शिंपडला होता. आणि टाकीत ओतलं होतं ते पूजेचं पाणी.

भाचा यार्डातच होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. भाऊ फाटकापर्यंतही पोचला नसेल. मी खिशातला रुमाल काढला, ओला केला आणि काच पुसली. नीट, कोपऱ्यांतसुद्धा. तांब्यातलं उरलेलं मोरीत ओतलं आणि तांब्या घासला. नोकरीत चाचणीनंतर उपकरणं पुसायचो तसे हात शांतपणे चालत होते.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ आमच्या घरी आला. बायकोनं त्याला चहा दिला, पोहे दिले. तो खुर्चीच्या काठावर बसला.

"मामा, ड्रायव्हरच्या ग्रुपवर माहा फोटू टाकला कोणंतरी. खाली लिहिलं, युरियाचोर. आता कोणी गाडीवर घेत नाही मले. तुमी फक्त एकदा साहेबाले सांगा, हा माणूस तसा नाही. नोकरी नाही मागत मी. नाव तेवढं साफ करा."

"बघतो," मी म्हणालो.

"तुमाले तरी वाटते का, मी इकलं असन म्हणून?"

"छे. काहीतरीच."

त्यानं हे ऐकून मोठा श्वास सोडला. मी तेवढं बोललो म्हणून त्याला बरं वाटलं होतं. जाताना बायकोला म्हणाला, "काकू, पोहे मस्त झाले." तो गेल्यावर ती कपबशा उचलत म्हणाली, "बघतो म्हणालात. कधी बघणार?" मी म्हणालो, उद्या. नंतर कित्येक दिवस, मी घराबाहेर पडताना ती एवढंच म्हणायची, "आज बघणार वाटतं."

मी यार्डात जायचो आणि भाच्यासमोर बसायचो. रोज ठरवून जायचो. रोज त्याचं काहीतरी चाललेलं असायचं, किंवा तो चांगल्या मूडमध्ये असायचा, किंवा नसायचा. एकदा त्याच्या खोलीत बसलो असताना यवतमाळकडच्या एका शाळेतून फोन आला. भाऊ तिकडे परत गेला होता, शाळेच्या गाडीवर काम मागत होता आणि त्यानं आमचा नंबर दिला होता, तेही अजून विश्वासानंच. भाचा म्हणाला, "ड्रायव्हर चांगला आहे हो, पण हात स्वच्छ नाही. तुमचं तुम्ही बघा." फोन ठेवून त्यानं मला विचारलं, "मामा, चहा?" आणि मी चहा घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी यार्डात जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

भाऊ गेल्याचं मला मुळशीकडच्या त्याच ड्रायव्हरनं सांगितलं, जो द्रावणाला पाणी म्हणाला होता. लक्ष्मी रोडवर अचानक भेटला. "काविळीनं गेला, मामा. वाईट झालं. पर चोर नव्हता तो, मला कवाच पटलं न्हाई." मी विचारलं, मग तू का नाही बोललास? तो म्हणाला, "मी कोण? तुमीच हुतात की तितं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मी भाऊच्या गावी गेलो. बायकोला म्हणालो, जाऊन येतो. तिनं दशम्या बांधून दिल्या आणि पहिल्यांदाच प्रेमानं म्हणाली, "सांगून या." रेल्वेत सगळा वेळ मी वाक्यं जुळवत होतो. आधी काय म्हणायचं, मग काय, कुठं थांबायचं.

घर लहान, सारवलेलं. त्याच्या बायकोनं मला ओळखलं नाही. पुण्याचा मामा म्हटल्यावर पदर सावरून पाया पडली. "तुमचं लय नाव घ्याचे ते," ती म्हणाली. पाणी दिलं, चहा ठेवला. फोटोला हार होता. मी चहा पीत होतो तेव्हा तिनं आजूबाजूला बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"मामा, एक इचारू? खरं सांगजा. मले राग नाही येणार. त्यायनं इकलं होतं काय ते औषध?"

मला वाटलं होतं ती मला दोष देईल. हे मी धरलंच नव्हतं. ती पुढे म्हणाली, "मी तेव्हा त्यायले म्हटलं होतं, खरं सांगा, सणाले खर्च झाला म्हणून इकलं का. ते काहीच नाही बोलले. दोन दिवस जेवले नाही. माह्या मनात तेच आहे."

म्हणजे त्याच्या घरातही तो साफ नव्हता. माझ्या एका 'हो'नं तो तिथंही चोर ठरला होता.

"नाही," मी म्हणालो. "त्यानं नाही विकलं. थेंबही नाही."

ती रडायला लागली, तोंडात पदर धरून. बराच वेळ. मग डोळे पुसून म्हणाली, "मंग पाणी कोणं टाकलं?"

तिच्याकडे बघून मी म्हणालो, "चुकून झालं. कुणाकडून तरी."

"कोण?"

"कळलं नाही शेवटपर्यंत."

तिनं मान हलवली. मला स्टेशनवर सोडायला दिराला पाठवलं, बरोबर घरची तूरडाळ दिली. ती मी नको म्हणू शकलो नाही.

घरी आल्यावर बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डाळ डब्यात ओतून ठेवली.

आता भाचा विजेवर चालणाऱ्या बस घेतोय. त्यांना हे द्रावण लागत नाही. थोड्या वर्षांनी हा सगळा प्रकार काय होता हे समजावून सांगावं लागेल. मी भाच्याला हे लिहिलेलं वाचायला देणार आहे. आणि मग यवतमाळला भाऊच्या बायकोला पाठवणार आहे, तिचा दीर वाचून दाखवेल. पण जे रेल्वेत जुळवलं होतं ते तिच्यासाठी नव्हतंच, भाऊसाठी होतं, आणि ते असं होतं:

भाऊ, टाकीत पाणी मी ओतलं. माझाच नियम मी मोडला, आणि मला वास येत नव्हता हे लपवलं. साहेबानं विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास आणि मला ते कळत होतं. तू फाटकापर्यंतही पोचला नव्हतास तेव्हा मला सगळं कळलं, तरी मी तुला हाक मारली नाही. तू घरी आलास, नाव साफ करा म्हणालास, मी बघतो म्हणालो. मी काहीही बघणार नव्हतो. तू चोर नव्हतास. हे सगळ्यांत आधी तुझ्यासमोर, तुझ्या बायकोसमोर म्हणायला हवं होतं. मला माफ कर.